दौलतीचे जवाहीर आणि खासगीचे जवाहीर

राजघराण्यांच्या जवाहिराचा विषय निघाला की बोलणे बहुधा कोहिनूरवर येऊन थांबते. १८४९ सालच्या मार्चमध्ये दहा वर्षांच्या दलीपसिंहाची सही घेऊन तो हिरा लाहोरच्या तहात इंग्लंडच्या राणीस देवविला, हे सर्वांस ठाऊक आहे. २०१६ साली सर्वोच्च न्यायालयात सरकारच्या वतीने, हा हिरा चोरीस गेलेला नाही आणि बळजबरीने नेलेलाही नाही, असे सांगण्यात आले. त्यावर गदारोळ झाला आणि दुसऱ्याच दिवशी सरकारला खुलासा करावा लागला. परकीय देशातील वस्तूसंबंधी आपण आज्ञा देऊ शकत नाही, असे सांगून न्यायालयाने २०१७ साली ते प्रकरण मिटवले. हा वाद दोन देशांमधला आहे. त्यात आपण कोणत्या बाजूचे, हे ठरवायला विचार करावा लागत नाही.

परंतु महाराष्ट्राबाहेर पिढ्यान्पिढ्या वसलेल्या आपल्या मंडळींना याहून अवघड असा दुसरा वाद जवळून पाहावा लागला आहे. तंजावर, नागपूर, इंदूर, बडोदे, हैदराबाद या ठिकाणी आपल्या पूर्वजांनी ज्या दरबारांची चाकरी केली, त्या दरबारांच्या जामदारखान्यांत जे जवाहीर होते ते नेमके कोणाचे? गादीवर बसलेल्या व्यक्तीचे, गादीचे, की जिच्या वसुलातून ते घडले त्या रयतेचे? राज्य चालू असेपर्यंत हा प्रश्न कोणी विचारीत नाही. राज्य संपले की तोच प्रश्न सर्वांत आधी उभा राहतो. या लेखात आम्ही अशा काही प्रकरणांची संगती लावण्याचा प्रयत्न करीत आहोत.

प्रथम शब्दांविषयी. राजा आणि राज्य यांच्या मालमत्तेतला भेद आपल्याला इंग्रजांनी शिकवला, असा एक समज आहे. तो खरा नाही. मराठी दप्तरांत 'दौलत' आणि 'खासगी' हे दोन शब्द स्पष्ट वेगळेपणाने येतात. दौलतीचा जमाखर्च वेगळा, खासगीचा वेगळा. याचे उत्तम उदाहरण होळकरांचे. १७३४ साली मल्हारराव होळकरांच्या पत्नी गौतमाबाई यांना खासगीकडे स्वतंत्र उत्पन्न लावून देण्यात आले आणि पुढे तो हक्क होळकरांच्या राण्यांकडे चालत राहिला. अहिल्याबाईंनी देशभर जे घाट, मंदिरे व धर्मशाळा बांधल्या, त्यांच्या खर्चाशी या खासगीचे नाव जोडलेले आहे. बडोद्यासही राजवाड्याच्या कारभारासाठी 'खानगी खाते' होते आणि त्यावर स्वतंत्र कारभारी असे. म्हणजे विचार होता, शब्द होते, वह्याही होत्या. मात्र रेषा ओढली तरी ती पाळली जावी याची हमी कोणी द्यायची, याचे उत्तर या व्यवस्थेत नव्हते. ती हमी राजाच्या शीलावर अवलंबून होती.

जवाहिराच्या बाबतीत तर ही रेषा आणखी पुसट होई. जमीन एका जागी राहते, रोकड मोजता येते. शिरपेच मात्र दरबारात राजाच्या मस्तकी असतो आणि रात्री त्याच्या महालात असतो. राणीच्या गळ्यातला हार तिचे स्त्रीधन, की सणासमारंभात घालण्यापुरता जामदारखान्यातून काढलेला दौलतीचा दागिना? आपल्या घरांतसुद्धा लग्नात सुनेच्या अंगावर घातलेले सर्वच दागिने तिला दिलेले असतात असे नाही. घरचे म्हणून घातलेले आणि तिचे म्हणून दिलेले, यांतला फरक सासूबाईंच्या मनात असतो; कागदावर क्वचित असतो. राजवाड्यांत हाच घोळ शंभर पटींनी मोठा होता.

१८१८ साली पेशवाई बुडाली, तेव्हा या प्रश्नाचे पहिले मोठे प्रकरण न्यायालयात गेले. त्र्यंबकेश्वराच्या देवस्थानाशी ज्याचे नाव निगडित आहे तो 'नासक' हिरा त्याच वर्षी बाजीरावांकडून इंग्रजांच्या हाती गेला आणि दख्खनच्या लुटीचा भाग म्हणून लंडनला विकला गेला. त्याबद्दल कोणी दावा केला नाही. करणारा उरला नव्हता. परंतु रायगडचे किल्लेदार नारो गोविंद यांच्याकडील सोन्याबद्दल मात्र दावा झाला. खासगी मालमत्ता स्वतःकडे ठेवण्याच्या अटीवर त्यांनी किल्ला खाली केला होता. ते पुण्यास आल्यावर त्यांच्याकडील द्रव्य इंग्रज अधिकाऱ्यांनी जप्त केले. हे सोने पेशव्यांचे, म्हणजे शत्रूच्या सरकारचे, असे इंग्रजांचे म्हणणे. ते त्यांचे स्वतःचे, असे त्यांच्या मागे त्यांची मालमत्ता पाहणाऱ्यांचे म्हणणे. मुंबईच्या सुप्रीम कोर्टाने निकाल इंग्रज अधिकाऱ्यांविरुद्ध दिला, आणि प्रतिवादींत साक्षात एल्फिन्स्टन होते. परंतु १८३० साली प्रिव्ही कौन्सिलने तो फिरवला. युद्ध पुरते शमलेले नसताना केलेली ही जप्ती आहे, आणि अशा जप्तीची चौकशी दिवाणी न्यायालय करू शकत नाही, असे कारण दिले गेले. सोने कोणाचे होते, या प्रश्नाचे उत्तर दिलेच गेले नाही. प्रश्न विचारण्याची जागाच बंद करण्यात आली.

हीच युक्ती पंचवीस-तीस वर्षांनी तंजावरास अधिक ठसठशीत स्वरूपात वापरली गेली. तंजावरचे भोसले घराणे म्हणजे व्यंकोजीराजांचा वंश. १७९९ च्या तहाने सरफोजीराजांनी राज्याचा कारभार कंपनीकडे सोपवला होता आणि किल्ला व त्याभोवतालचा प्रदेश तेवढा त्यांच्याकडे उरला होता. त्यांचे पुत्र शिवाजीराजे २९ ऑक्टोबर १८५५ रोजी वारले. पुत्र नव्हता, मागे राण्या आणि कन्या होत्या. कंपनीच्या संचालकांनी राज्य खालसा ठरवले. १८५६ च्या ऑक्टोबरात रेसिडेंट फोर्ब्स शिपायांसह राजवाड्यात आला आणि त्याने खजिना, जवाहीरखाना, कोठ्या, सगळ्यांना मोहरा लावल्या. राज्याची मालमत्ता कोणती आणि राजाची स्वतःची कोणती, हे निवडण्याचे कष्ट घेतले गेले नाहीत. सगळेच जप्त झाले.

ज्येष्ठ राणी कामाक्षीबाईसाहेब यांनी यावर जे केले ते त्या काळात धाडसाचे होते. त्यांनी मद्रासच्या सुप्रीम कोर्टात कंपनीवर दावा लावला. त्यांच्या बाजूने जॉन ब्रूस नॉर्टन हा नामांकित वकील उभा राहिला. दाव्याचा मुद्दा सरळ होता. राज्य गेले त्याबद्दल आमचे म्हणणे बाजूस ठेवा. पण पतीची जी स्वतःची मालमत्ता, जडजवाहीर, शेतवाड्या, ती हिंदू धर्मशास्त्राप्रमाणे पुत्र नसताना विधवेस येते. राज्य खालसा झाले म्हणून वारसाहक्क खालसा होत नाही. मद्रासच्या न्यायाधीशांना हे पटले आणि निकाल राणीच्या बाजूने लागला.

मधे १८५७ चा उठाव झाला, कंपनी गेली, राणीचे सरकार आले. अपील मात्र चालूच राहिले. जुलै १८५९ मध्ये प्रिव्ही कौन्सिलचा निकाल लॉर्ड किंग्जडाउन यांनी दिला. त्याचा आशय असा की, ही जप्ती कायद्याच्या आधाराने झालेली नाही, ती एका सत्तेने दुसऱ्या सत्तेवर केलेली राजकीय कृती आहे. आणि अशी कृती न्याय्य असो वा अन्याय्य, तिचा विचार करण्याचा अधिकार दिवाणी न्यायालयास नाही. विचित्र गोष्ट अशी की, कंपनीची बाजू जितकी कायद्याबाहेरची, तितकी ती न्यायालयापासून सुरक्षित ठरली. कायद्याचा आधार घेऊन जप्ती केली असती, तर तो आधार तपासता आला असता.

राणीसाहेब हरल्या. तरीही गोष्ट तिथे संपली नाही. १८६२ साली सरकारने राजाची खासगी मालमत्ता 'कृपा' म्हणून परत दिली. ज्येष्ठ राणीने हयातीत ती सांभाळावी, इतर राण्यांचा योगक्षेम चालवावा, मग ती कन्येकडे जावी, अशी व्यवस्था ठरली. जे हक्क म्हणून नाकारले तेच मेहेरबानी म्हणून दिले. हा फरक केवळ मानापमानाचा नव्हता. हक्काने आलेल्या मालमत्तेचे नियम शास्त्रात सापडतात. कृपेने आलेल्या मालमत्तेचे नियम देणाऱ्याच्या हुकुमात शोधावे लागतात. त्यामुळे लवकरच राण्याराण्यांत तंटे सुरू झाले आणि तेही मद्रासच्या न्यायालयापर्यंत गेले. जी मालमत्ता एकीने सांभाळायची ती वकिलांच्या हाती झिजत गेली.

या सर्वांतून एक ठेवा मात्र वाचला. राजवाड्यातील सरस्वती महाल हे सरफोजीराजांचे ग्रंथालय. राजाच्या घराण्यातील वारसांनी आपला हक्क सोडल्यावर १९१८ साली ते सार्वजनिक झाले. तंजावरच्या हिऱ्यांची आज कोणी यादी देऊ शकणार नाही. पण तेथील संस्कृत, तमिळ, तेलुगू आणि मराठी हस्तलिखिते अभ्यासकाला आजही पाहता येतात. कोणत्या ठेव्याची मालकी वाटून घ्यायची आणि कोणत्याची सोडून द्यायची, याचा विवेक त्या मंडळींनी एका बाबतीत तरी दाखवला. आपण त्यांचे ऋणी आहोत.

तंजावरच्या निकालाचे आयुष्य राजाच्या वंशापेक्षा मोठे ठरले. स्वतंत्र भारतात संस्थाने विलीन झाली तेव्हा, जुन्या राजाने दिलेल्या सनदा नव्या सरकारवर बंधनकारक आहेत का, असे खटले उभे राहिले. त्या वेळी सर्वोच्च न्यायालयातही कामाक्षीबाईंच्या खटल्याचा आधार घेण्यात आला. शिवाय आपल्या राज्यघटनेच्या ३६३ व्या अनुच्छेदाने विलीनीकरणाच्या करारांतून निघणारे वाद न्यायालयांच्या कक्षेबाहेर ठेवले. परक्या सरकारने काढलेली वाट स्वकीय सरकारलाही सोयीची वाटली, हे नमूद केले पाहिजे. अर्थात दोन्हींत फरक आहे. विलीनीकरणात राजांनी आपल्या खासगी मालमत्तेच्या याद्या द्यायच्या होत्या, त्यांवर वाटाघाट व्हायची होती. तंजावरास यादीच मागितली गेली नव्हती.

नागपूरचे प्रकरण तंजावरच्या थोडे आधीचे. तिसरे रघूजी भोसले १८५३ च्या डिसेंबरात वारले आणि १८५४ साली राज्य खालसा झाले. येथे कोणी न्यायालयात गेले नाही. सरळ विक्री झाली. हत्ती, घोडे, बैल सीताबर्डीच्या बाजूस विकले गेले आणि भोसल्यांचे जवाहीर कलकत्त्याच्या बाजारात पाठवले गेले. कंपनीचे म्हणणे असे की, येणारी रक्कम राजकुटुंबाच्याच उपयोगी लावावयाची आहे. परंतु घराण्याचा पिढीजात अलंकार विकून त्याच घराण्यास नेमणूक देणे, यांत उपकार कोणाचा कोणावर? वृद्ध बांकाबाईसाहेबांनी, वाड्यातील सामान हलवाल तर वाड्यास आग लावीन, अशी धमकी दिल्याचे जॉन के या इंग्रज इतिहासकाराने लिहून ठेवले आहे. सामान हलले, आग लागली नाही. याच बांकाबाई १८५७ मध्ये उठावाच्या बाजूस गेल्या नाहीत, हेही लक्षात ठेवण्याजोगे आहे. त्यांचा संताप राजकारणाचा नव्हता, घरातल्या कर्त्या बाईचा होता.

२०२५ साली लंडनच्या एका लिलावात पहिल्या रघूजी भोसल्यांच्या नावाची तलवार निघाली आणि महाराष्ट्र शासनाने ती सुमारे सत्तेचाळीस लाख रुपयांना विकत घेऊन आणली. आनंद झालाच. परंतु आपलीच वस्तू आपण पैसे मोजून घ्यावी का, असाही प्रश्न काहींनी विचारला. वस्तू कोणत्या मार्गाने बाहेर गेली याचा कागद हाती नसेल, तर दावा टिकत नाही आणि लिलावाची घंटा वाट पाहत नाही. अशा वेळी विकत घेणे हाच व्यवहार्य मार्ग असतो, असे आमचे मत आहे.

आता बडोदे. येथे परकीय सत्तेकडे बोट दाखवता येत नाही, म्हणून हे प्रकरण आपल्याला अधिक टोचते. बडोद्याच्या जवाहीरखान्याची कीर्ती प्रामुख्याने खंडेराव महाराजांची. ब्राझीलमध्ये १८५३ साली सापडलेला, पैलू पाडल्यावर सुमारे १२८ कॅरटचा 'स्टार ऑफ द साउथ' हिरा त्यांनी घेतला. १८६५ च्या सुमारास त्यांनी बसऱ्याच्या बारीक मोत्यांचा, हिरे-माणके जडवलेला गालिचा करवला. मदिनेस पैगंबरांच्या कबरीवर अर्पण करावा असा त्यांचा संकल्प होता, असे सांगितले जाते. एका मराठा हिंदू राजाचा हा संकल्प १८७० साली त्यांच्या मृत्यूने अपुरा राहिला आणि गालिचा बडोद्यातच राहिला. १९०२-०३ मध्ये दिल्ली दरबाराच्या प्रदर्शनात तो लोकांनी पाहिला.

सयाजीराव महाराजांच्या दीर्घ कारकिर्दीत हे जवाहीर दौलतीची शोभा म्हणून नीट सांभाळले गेले. १९३९ साली त्यांच्या मागे त्यांचे नातू प्रतापसिंहराव गादीवर आले. १९४३ साली त्यांनी सीतादेवींशी दुसरा विवाह केला. पुढील चार-पाच वर्षांत बडोद्याचे कितीतरी मोलाचे जवाहीर परदेशी गेले आणि सीतादेवी मोनॅकोत स्थायिक झाल्या. राज्याच्या निधीतून मोठमोठ्या रकमा उचलल्या गेल्याचे उघडकीस आले. १९४८ मध्ये डॉ. जीवराज मेहता यांचे लोकनियुक्त मंत्रिमंडळ आले, १ मे १९४९ रोजी बडोदे मुंबई राज्यात विलीन झाले आणि १९५१ साली भारत सरकारने प्रतापसिंहरावांची मान्यता काढून घेऊन फत्तेसिंहरावांना दिली. व्ही. पी. मेनन यांनी आपल्या १९५६ च्या ग्रंथात या हिशेबांची हकीकत दिली आहे. महाराजांकडून रकमा हप्त्यांनी वसूल करण्याचे ठरले; काही जवाहीर परत मिळाले, बरेचसे मिळाले नाही.

महाराजांच्या बाजूने जे बोलले जाई तेही ऐकून घेतले पाहिजे. वाडवडिलांनी घेतलेले दागिने वारसाहक्काने माझे. ते पत्नीस दिले तर ते तिचे स्त्रीधन. सामान्य गृहस्थास जे करता येते ते राजास का करता येऊ नये? या युक्तिवादात एक मेख आहे. सामान्य गृहस्थ दागिना घेतो तो स्वतःच्या मिळकतीतून. खंडेरावांनी हिरा घेतला तो बडोद्याच्या शेतकऱ्याच्या साऱ्यातून. म्हणून बडोद्याच्या प्रजामंडळाने हिशेब मागितला तेव्हा तो मत्सराने मागितला, असे म्हणता येणार नाही. तरीही, कोणता दागिना कोणत्या खात्यातून घेतला हे दागिनावार दाखवणे दोन्ही पक्षांना जड गेले.

पुढची कथा लिलावांच्या निकालपत्रांत वाचावी लागते. सीतादेवींनी न्यूयॉर्कच्या हॅरी विन्स्टन यांना विकलेल्या पायांतल्या तोड्यांचा हार होऊन तो विंडसरच्या डचेसच्या गळ्यात गेला, ही हकीकत युरोपातील वर्तुळांत चवीने सांगितली जाते. सप्तलड मोत्यांच्या हारातील मोत्यांचा दुपदरी हार २००७ च्या एप्रिलमध्ये न्यूयॉर्कला सुमारे ७१ लाख डॉलरांना विकला गेला. मोत्यांचा गालिचा २००९ च्या मार्चमध्ये दोह्यास सुमारे ५५ लाख डॉलरांना गेला आणि कतारच्या राष्ट्रीय संग्रहात पोहोचला. शंभर वर्षांहून जुन्या वस्तू देशाबाहेर नेण्यास मज्जाव करणारा पुरावस्तूंचा कायदा १९७२ चा. त्याच्या कितीतरी आधी गालिच्याने देश सोडला होता. ज्या वस्तूने मदिनेस जावयाचे ती अखेर अरबस्तानाच्या किनाऱ्यावर विसावली, पण अर्पण म्हणून नव्हे, खरेदी म्हणून. बडोद्यातील जुन्या मराठी घरांत त्या गालिच्याची वर्णने आजोबांच्या तोंडून ऐकलेली माणसे आहेत. मालकीचा कोणताही कागद त्यांच्याकडे नाही. तरी तो गालिचा त्यांचा कोणीच नव्हता, असे म्हणायला आमचे मन तयार होत नाही.

हैदराबादचा मार्ग निराळा. सातवे निजाम मीर उस्मान अली खान हे पैशाच्या बाबतीत अतिशय सावध. १८४ कॅरटांहून मोठा 'जेकब' हिरा त्यांच्या वडिलांनी १८९१ साली घेऊ केला आणि त्या व्यवहारावरून कलकत्त्याच्या उच्च न्यायालयात खटला झाला. पुढे हाच हिरा निजामांनी टेबलावरचे कागद दाबायला वापरला, असे सांगतात. १९४८ च्या पोलीस कारवाईनंतर काळाची पावले ओळखून त्यांनी १९५१ व १९५२ साली जवाहिराचे दोन न्यास केले. आपण व आपले ज्येष्ठ पुत्र यांच्या पश्चात हे जवाहीर विकावे आणि रक्कम वारसांस मिळावी, अशी त्यांत तजवीज होती. निजाम १९६७ मध्ये आणि पुत्र आझम जाह १९७० मध्ये वारले. सत्तरच्या दशकाअखेरीस विक्रीची तयारी झाली, परदेशी ग्राहक आले; आणि १९७९ साली सर्वोच्च न्यायालयाने ती थांबवली. त्यानंतर सोळा वर्षे किंमत ठरवण्यात गेली. जानेवारी १९९५ मध्ये भारत सरकारने १७३ नगांचा हा संग्रह व्याजासह सुमारे २१८ कोटी रुपयांना विकत घेतला.

येथे मालकी कोणाची हा प्रश्न सरकारने उघडपणे लढवला नाही. न्यास मान्य करून किंमत मोजली. रयतेच्या पैशाने घडलेले जवाहीर रयतेच्याच पैशाने पुन्हा घेतले, असा आक्षेप तेव्हा अनेकांनी घेतला. तो निराधार नाही. परंतु परिणाम पाहिला तर बडोद्याचा संग्रह जगभर विखुरला आणि हैदराबादचा एकत्र राहिला, देशात राहिला. फरक घडवला तो राजाच्या उदारपणाने नव्हे, एका नोंदवलेल्या दस्तऐवजाने आणि वेळेवर मिळालेल्या मनाईहुकुमाने. उणीव एवढीच की हा संग्रह रिझर्व्ह बँकेच्या तळघरात असतो. २००१, २००६-०७ आणि २०१९ मधील प्रदर्शने सोडली तर लोकांना तो दिसलेला नाही. तो आपल्या शहरात कायमचा मांडावा, ही हैदराबादकरांची मागणी आम्हांस रास्त वाटते. कुलपात असलेली वस्तू लोकांची झाली असे कागदावरच म्हणता येते.

निजामांच्याच दहा लाख पौंडांची गोष्ट याला पुस्ती जोडते. २० सप्टेंबर १९४८ रोजी लंडनमधील त्यांच्या खात्यातून ही रक्कम पाकिस्तानच्या उच्चायुक्तांच्या नावे वळवली गेली. १९५७ साली हाउस ऑफ लॉर्ड्सने परक्या सार्वभौम राष्ट्राविरुद्ध दावा चालत नाही असे म्हटले. म्हणजे तंजावरचीच बंद दारे. २०१३ साली पाकिस्तानने स्वतःच दावा लावल्याने दार उघडले आणि २ ऑक्टोबर २०१९ रोजी, तोवर सुमारे साडेतीन कोटी पौंड झालेली ती रक्कम भारत व निजामांचे वारस यांच्या बाजूची ठरली. दार उघडायला छप्पन्न वर्षे लागली. पण ते उघडल्यावर पैसा कोणाचा, हा मूळ प्रश्न प्रथमच विचारला गेला आणि त्याचे उत्तरही मिळाले.

शेवटी इंदूरकडे येऊ. होळकरांच्या खासगीच्या मिळकती विलीनीकरणानंतर १९६२ साली न्यासाकडे आल्या. या मिळकती राज्य सरकारच्या, असा निकाल मध्य प्रदेश उच्च न्यायालयाने २०२० साली दिला. जुलै २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो बदलला. मिळकती न्यासाच्याच, सरकारच्या नव्हेत; परंतु हा सार्वजनिक न्यास आहे, म्हणून त्याने नोंदणी करावी आणि हिशेबास उत्तरदायी असावे. हा वाद जवाहिराचा नव्हता, घाट-मंदिरांचा होता. तरी येथे प्रथमच एक तिसरे उत्तर मिळाले. मालमत्ता राजाची नाही, सरकारचीही नाही. ती ज्या कामासाठी राखली त्या कामाची आहे, आणि सांभाळणाऱ्याने हिशेब दिला पाहिजे. १७३४ सालचा एक मराठी शब्द जवळजवळ तीनशे वर्षांनी न्यायालयात उभा राहिला आणि टिकला.

ही सर्व प्रकरणे एकत्र पाहिली की काही गोष्टी ठळक होतात. ज्याच्या हाती सत्ता, तो प्रथम प्रश्नाचे उत्तर देत नाही. प्रश्न विचारू देत नाही. दावा सांगायला पुढे येतात त्या बहुधा स्त्रिया असतात, कामाक्षीबाई असोत वा बांकाबाई, कारण राज्य गेल्यावर घर त्यांनाच चालवायचे असते. आणि जिथे लेखी रेषा होती, तिथे काहीतरी वाचले. जिथे ती राजाच्या मनात होती, तिथे जवाहीर राजाबरोबर गेले. ज्या कारागिरांनी ती कोंदणे घडवली त्यांची नावे मात्र एकाही दाव्यात नाहीत.

आपल्या घरांतून आता फारसे जवाहीर उरलेले नाही. कुठे दरबारातून मिळालेले एखादे कडे, कुठे चौकडा, कुठे नुसती डबी. त्याहून अधिक घरांत मोडीतल्या याद्या आहेत: लग्नाच्या, वाटपाच्या, नजराण्याच्या. त्या वाचता येत नाहीत म्हणून रद्दीत जातात. दागिना विकला गेला तरी त्याची आठवण उरते. यादी गेली की तो दागिना कोणी दिला, कशाबद्दल दिला, कोणास दिला हे सारे जाते, आणि मागे उरतात ती भावंडांची भांडणे. मोडी वाचणारी माणसे अजून आपल्यात आहेत तोवर त्या याद्या वाचून घ्याव्यात, बाळबोधात उतरवून तारीख-वजनासह ठेवाव्यात, आणि त्यांत घरातल्या सुनांना, लेकींना काय दिले होते ते स्पष्ट लिहावे. तंजावरच्या राणीला मद्रासच्या न्यायालयात जावे लागले. आपल्या लेकीसुनांवर तशी पाळी येऊ नये, एवढे तरी आपल्या हाती आहे.